ठिणगी कुठे हरवली?

स्पार्क प्लगमध्ये हजारो व्होल्टची वीज खेळते. मधली दांडी आणि बाहेरचे धातूचे कवच यांच्यात विद्युतरोधक नसेल, तर फटीत ठिणगी पडणारच नाही. सुरुवातीला हा रोधक चिनीमातीचा असे. शर्यतीच्या इंजिनात तो तापून-निवून तडकायचा, आणि वीज तड्यातूनच पळ काढायची.

इंग्लंडचा शर्यतपटू केनेल्म ली गिनेस याने चिनीमातीऐवजी अभ्रकाचे पापुद्रे वापरले. त्याचे 'केएलजी' प्लग गाजले. १९२२ साली त्याने स्वतः ब्रुकलँड्सला ताशी सुमारे २१५ किलोमीटर वेगाचा विक्रम केला.

पण १९२३ साली अमेरिकेत शिसेयुक्त पेट्रोल विक्रीला आले. इंजिनाचे ठोके थांबले, सिलिंडरमधला दाब वाढवता आला. मात्र शिशाच्या ऑक्साइडने अभ्रक खायला सुरुवात केली. यात नवल काय? अभ्रक हे सिलिकेट, आणि शिशाचे ऑक्साइड सिलिकाला वितळवून काच करते, हे मडक्यांना झिलई देणारे कारागीर केव्हापासून जाणतात!

१९३० नंतर जर्मनीत व ब्रिटनमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी भाजून रोधक घडवले गेले. कुरुंद खडाही याच ऑक्साइडचा. आजचे प्लगही त्याचेच.

तरी एक पेच उरलाच. प्लगचे टोक सुमारे ५०० अंश सेल्सियसखाली राहिले तर काजळी जळत नाही, साठलेल्या काजळीतून वीज गळते. ९०० च्या आसपास गेले तर ठिणगीआधीच मिश्रण पेटते. म्हणून त्या काळी ग्राँ प्रीचे मेकॅनिक इंजिन एका संचाच्या प्लगवर तापवत आणि शर्यत सुरू होण्यापूर्वी सगळे काढून दुसरा संच बसवत.