अंगणातला फवारा आणि पाण्याचा दाब

रब्बीत हरभऱ्यावर स्प्रिंकलर फिरताना आपण सगळ्यांनीच पाहिलाय. आता तो अंगणातल्या हिरवळीवर, परसबागेतही लावावा असं काहींच्या मनात आहे. गटात त्यासाठी कर्ज मागितलं, की मी आधी पाण्याच्या दाबाचं विचारते. फवाऱ्याचा सगळा इतिहासच दाबाचा आहे.

सतराव्या शतकात मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जमिनीखालच्या नहरीतून पाणी आणलं. वीज नव्हती, मोटर नव्हती. उंचावरून खाली येणाऱ्या पाण्याचाच जोर. मोगलांच्या बागांतली कारंजीही त्याच जोरावर उडायची. सहलीला गेलात तर बीबी का मकबऱ्यातली कारंज्यांची रांग बघा. पण ती शोभेची.

शेताला भिजवणारा फिरता फवारा आला तो अमेरिकेतून. कॅलिफोर्नियातल्या ओर्टन एंगलहार्ट या संत्रा-लिंबू बागायतदाराने त्याचं पेटंट १९३५ मध्ये घेतलं. पाण्याची धार स्प्रिंग लावलेल्या दांडीवर आपटते, दांडी परत येऊन ठोकर देते आणि नोझल थोडं थोडं फिरतं. आपल्या शेतात रात्री ऐकू येणारी टकटक ती हीच. त्याचे शेजारी क्लेम आणि मेरी ला फेट्रा यांनी घरच्या कोठारात हे फवारे बनवायला घेतले. पतीच्या माघारी कंपनी मेरीने सांभाळली. शोधाच्या गोष्टीत तिचं नाव मागेच राहतं, हे काही आपल्याला नवीन नाही!

आता घरचं बघा. दहा मीटर उंचीच्या पाण्याला साधारण एक किलो दाब मिळतो. आपली स्लॅबवरची टाकी पंधरा फुटांवर, म्हणजे जेमतेम अर्धा किलो. शेतातल्या नोझलला दोन-अडीच किलो लागतो. तेच नोझल कुणी टाकीच्या नळाला जोडून दिलं, तर पाणी नुसतं ठिबकेल आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू राहील. अंगणाला छोटे प्लास्टिकचे फवारे पुरतात. त्यांनाही बहुधा लहान मोटर लागतेच.

म्हणून प्लंबर ठरवताना आधी अंगण टेपने मोजायला लावा. पंधरा लिटरची बादली किती सेकंदांत भरते तेही त्याच्यासमोर बघा. पाइप पुरण्याआधी दोन फवारे वरच्या वर जोडून चालवायला सांगा. एकाचं पाणी दुसऱ्याच्या बुडाशी पोचलं, तरच चर खोदू द्या. आणि तोवर पूर्ण रक्कम हातात देऊ नका.