प्रो कबड्डी लीगचा हंगाम : सामन्यांची संख्या आणि आरंभकाळ

भारतातील व्यावसायिक कबड्डीचा वार्षिक खेळकाळ. पहिला हंगाम २६ जुलै ते ३१ ऑगस्ट २०१४ या काळात झाला. त्यानंतरच्या हंगामांत त्याची लांबीही स्थिर राहिली नाही आणि मुहूर्तही. हंगाम आखूड असावा का आणि तो उशिरा सुरू व्हावा का, असे दोन प्रश्न त्यातून उभे राहिले. ते एकत्र विचारले जातात, पण त्यांची उत्तरे वेगळी आहेत. खेळाडूचे गुडघे आणि त्याच्या गावाचे मैदान, दोन्हींचा विचार केला की हा फरक स्पष्ट होतो. खानदेशातल्या चोपड्यासारख्या तालुक्यात, जिथे हंगाम म्हटले की आधी कपाशीचा किंवा केळीचा समजतात, तो आणखी ठळक दिसतो.

लांबी. पहिल्या हंगामात आठ संघ होते. प्रत्येकाने साखळीत १४ सामने खेळले आणि बाद फेरी धरून एकूण ६० सामने ३७ दिवसांत उरकले. २०१६ मध्ये तर एकाच वर्षात दोन हंगाम झाले, एक जानेवारीअखेर सुरू झालेला आणि दुसरा जूनअखेर. २०१७ मध्ये संघ बारा झाले, प्रत्येकाच्या वाट्याला २२ साखळी सामने आले आणि एकूण १३८ सामन्यांचा हंगाम २८ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत चालला. बावीस सामन्यांची ही चाल २०२४ पर्यंत टिकली. २०२५ च्या बाराव्या हंगामात ती १८ वर आली आणि साखळी सामने १३२ वरून १०८ झाले. म्हणजे आखूड हंगामाची मागणी निम्मी तरी मान्य झाली आहे.

निम्मीच म्हणायचे, कारण कमी सामने आणि जास्त विश्रांती या दोन गोष्टी एक नव्हेत. २०१४ चा हंगाम सर्वांत छोट्या हंगामांपैकी एक होता, तरी संघाला सरासरी अडीच दिवसांना एक सामना खेळावा लागला. शिवाय यजमान संघ आपल्या शहरात लागोपाठच्या रात्री मैदानात उतरत असे. २०१७ चा हंगाम लांबला म्हणून टीका झाली, पण त्यात दोन सामन्यांमध्ये सुमारे चार दिवसांचे अंतर होते. करोनामुळे बंगळुरूत एकाच ठिकाणी झालेल्या २०२१-२२ च्या हंगामात तेच २२ सामने साधारण दोन महिन्यांत कोंबले गेले आणि अंतर पावणेतीन दिवसांवर आले. २०२५ मध्ये सामने चारने घटले, पण दिवसही घटले. त्यामुळे अंतर आदल्या वर्षीप्रमाणेच तीन दिवसांच्या आसपास राहिले. खेळाडूच्या देहाला या कपातीतून मिळायला हवे होते ते पूर्ण मिळालेले नाही.

देहाचा हिशेब कबड्डीत फार कडक आहे. चढाई तीस सेकंदांची असते. तेवढ्यात चढाईपटू थबकतो, वळतो, झेपावतो आणि पकड झाली तर सहासात जणांचे वजन एका गुडघ्यावर किंवा खांद्यावर येते. घोट्याची पकड करणारा कोपरारक्षकही तितकाच धोक्यात असतो. कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई आपल्या पहिल्याच हंगामात चढाईने गाजला आणि पुढे खांद्याच्या दुखापतीने लीगचा आठवा हंगाम त्याच्यासाठी जवळजवळ वाया गेला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. पुढच्याच हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने अस्लमला बाहेर बसावे लागले. एकेका दुखापतीचा दोष वेळापत्रकावर टाकता येत नाही. पण दुखरा गुडघा बरा व्हायला जे दिवस लागतात, ते वेळापत्रकच देते किंवा काढून घेते.

बास्केटबॉलची साक्ष. हा वाद अमेरिकेच्या एनबीएतही जुना आहे. तिथे १९६७-६८ पासून प्रत्येक संघ सहसा ८२ सामने खेळतो आणि हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो.  मालक आणि खेळाडूंच्या करारवादामुळे २०११-१२ चा हंगाम थेट २५ डिसेंबरला सुरू झाला. सामने ६६ वर आले, पण ते १२४ दिवसांत बसवल्याने दोन सामन्यांतले अंतर एरवीपेक्षा कमी झाले आणि प्रत्येक संघाला किमान एकदा सलग तीन रात्री खेळावे लागले. उलट २०१७ मध्ये हंगाम आठवडाभर आधी सुरू करून लागोपाठच्या रात्रींचे सामने कमी केले गेले. उशिरा सुरू केलेला हंगाम खेळाडूला आपोआप सुखाचा होत नाही, याचा याहून चांगला पुरावा नाही.

मुहूर्त. कबड्डी लीगचा आरंभ पुढे ढकलला गेला तो बहुतेक वेळा कॅलेंडरच्या रेट्याने. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेमुळे हंगाम ७ ऑक्टोबरला लागला. २०२३ मध्ये हांगझोची आशियाई स्पर्धा आणि क्रिकेटचा विश्वचषक आटोपल्यावर तो २ डिसेंबरला सुरू झाला आणि मार्चपर्यंत गेला. २०२४ मध्ये १८ ऑक्टोबर, २०२५ मध्ये २९ ऑगस्ट. एकच एक महिना असा उरलाच नाही.

खानदेशाला मात्र मूळचा जुलैच सोयीचा होता. चोपडा तालुका तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. इथली जमीन बरीचशी काळी. आषाढ-श्रावणात मैदानावर फक्की टाकली तर ती तासाभरात चिखलात जिरते, आणि तशा जमिनीवर पकड करणे म्हणजे घोटा पणाला लावणे. त्या दिवसांत गावातली कबड्डी थांबते किंवा शाळांच्या तालुका-जिल्हा स्पर्धांपुरती उरते. निंदणी करून आलेला माणूस संध्याकाळी घरात असतो. छपराखाली मॅटवर चाललेली चढाई दूरदर्शन संचावर पाहण्याचे हेच दिवस. लीगचे सामने महाराष्ट्रात मुंबई-पुण्यात आणि २०१७ मध्ये नागपुरात झाले, खानदेशात एकही नाही, म्हणून इथला प्रेक्षक तो संचापुढचाच.

दिवाळीनंतर जमीन वाळते, मातीचे मैदान खेळते होते आणि गावोगावच्या मंडळांच्या प्रकाशझोतातल्या खुल्या स्पर्धा सुरू होतात. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असल्याने शाळकरी पोरांना खेळायला जेमतेम अडीच महिने मिळतात. लीग त्याच महिन्यांत आली की संघांत निवडलेले मोठे खेळाडू गावच्या स्पर्धेला मिळत नाहीत आणि प्रेक्षकही रात्री आठला घराकडे वळतो. व्यावसायिक खेळाला खेळाडू पुरवणारी माती हीच आहे. तिचा हंगाम लीगने घेऊ नये.

म्हणून आखूड हंगामाची मागणी योग्य आणि उशिरा आरंभाची अयोग्य, असाच निर्णय द्यावा लागतो. साखळीत १८ सामने, दोन सामन्यांत किमान चार दिवस, आरंभ जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. असा हंगाम साधारण दसऱ्याच्या सुमारास संपतो, आणि चोपड्याचे मैदान त्यानंतर वाळते.