सीटखालची पेटी

जुनी जीप विकत घ्यायला निघालेला माणूस आधी रंग बघतो, मग टायर बघतो, इंजिन चालू करून धूर बघतो. आमच्या माणदेशातला जाणता मेस्त्री मात्र आधी ड्रायव्हरशेजारची सीट उचलतो. तिच्याखाली हत्यारांची पेटी असते. पेटी भरलेली असली, तर आधीच्या धन्यानं गाडी सांभाळली असं तो समजतो. पेटीत उंदरानं घर केलेलं असलं, तर किंमत पाडून मागतो.

गाडीबरोबर दुरुस्तीचं सामान न्यायची रीत आपल्याकडं नवी नाही. बैलगाडीला वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. दावं, कासरा, चाक निसटू नये म्हणून कण्याच्या टोकाला मारायची जादा खीळ, हे सगळं गाडीतच असायचं. चाक काढायचं झालं तर कण्याखाली वासा घालायचा, वाशाखाली दगड ठेवायचा आणि दोन गड्यांनी टोक दाबायचं. आमच्या वाडवडलांचा जॅक तो एवढाच.

जीप आली ती लढाईतून. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेच्या सैन्याला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या लहान कंपनीनं पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४० रोजी सैन्याच्या हवाली केला. पुढं विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून १९४५ पर्यंत सहा लाखांवर जीपा बनवल्या. आता, रणात गाडी बंद पडली तर गॅरेज कुठलं? म्हणून हत्यारं हा गाडीचाच भाग धरला गेला. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत झाकणाच्या पेट्या होत्या. अंगाला बाहेरून फावडं आणि कुऱ्हाड पट्ट्यानं बांधलेली. सामानात हातोडा, पक्कड, पाने, डिसमिस, प्लग काढायचा पाना, ग्रीस गन, हवेचा पंप आणि जॅक. बंदुकीबरोबर काडतूस यावं, तशी गाडीबरोबर हत्यारं आली.

लढाई संपल्यावर हीच गाडी शेतकऱ्याची म्हणून विकायला काढली. आपल्याकडं १९४५ साली महिंद्र आणि महंमद या नावानं कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्र आणि महिंद्र झालं. मुंबईला माझगावात सुटे भाग जुळवून विलीज जीपा तयार होऊ लागल्या, आणि तिथून त्या सरकारी खात्यांतून गावोगाव पोचल्या.

मी पहिल्यांदा ती पेटी उघडलेली बघितली १९७२ च्या दुष्काळात. आमच्या खालच्या अंगाला खडी फोडायचं काम चालू होतं. आई तिथं होती, आम्ही पोरं पाणी घेऊन जायचो. कामावर येणारी सरकारी जीप एका दिवशी पंक्चर झाली. ड्रायव्हरनं खाली पोतं अंथरलं आणि पेटीतला एकेक पाना मोजून त्यावर मांडला. काम झाल्यावर पुसून, पुन्हा मोजून आत ठेवला. मी टक लावून बघत होतो. तो म्हणाला, "बाळ, मोजून काढायचं आन् मोजून ठिवायचं. एक पाना रानात ऱ्हायला तर पुढल्या येळंला गाडी रानात ऱ्हाती." त्या दिवशी त्यानं मला दोन गोष्टी दाखवल्या, त्या अजून कामाला येतात.

पहिली म्हणजे नटांचे आटे. जुन्या जीपच्या उजव्या अंगाच्या चाकांचे नट नेहमीसारखे सुटतात, पण डाव्या अंगाचे आटे उलटे असतात. चाक पुढं फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून ही योजना. बोल्टाच्या तोंडावर कधी 'एल' कोरलेला सापडतो, पण गंजात तो दिसेलच असं नाही.

दुसरी गोष्ट हँडब्रेकची. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर लागत नाही. तो मागल्या चाकांकडं जाणाऱ्या शाफ्टवर लागतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं, की डिफरन्शिअलमुळं ते हवेत मोकळं फिरू शकतं, आणि ब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. म्हणून फोर व्हील टाकायचं, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावायचे. मगच जॅकला हात घालायचा.

आपण 'स्टेपनी' म्हणतो ना, तो शब्दही असाच लांबून आलाय. सुरवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. वेल्समधल्या लानेली गावात १९०४ च्या सुमारास स्टेपनी नावानं जादा चाक निघालं. आऱ्या नसलेली हवा भरलेली कड ती, पंक्चर चाकावर चापानं आवळायची. चाक इतिहासजमा झालं, नाव आपल्या तोंडात राहिलं. बाटलीसारखा तेलाचा जॅक त्याच्याही आधीचा. न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजननं १८५१ मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं.

पुढं जीपा वडापला लागल्या. जुन्या पेट्रोल जीपा लांब करून, त्यात डिझेल इंजिन बसवून, पंधरा-पंधरा माणसं कोंबून धावायला लागल्या. तेव्हा पेटी गेली. जिथं जॅक होता तिथं कुणाचं तरी गाठोडं आलं.

नव्वदीच्या सुरवातीची पावसाळ्यातली रात्र. धाकटी भावजय अडली होती. वडापची जीप ठरवून तालुक्याला निघालो. घाट उतरल्यावर डावं मागचं टायर फुटलं. स्टेपनी होती, चाकाचा पाना होता, पण जॅक नव्हता. ड्रायव्हर पोरगा नवखा. पान्यावर उभा राहून दाबत होता आणि नट आणखी आवळत होता. मी म्हणालो, "थांब रं, डावं अंग हाय, उलटा फिरव." नट सैल झाले. पण गाडी उचलायची कशी? आत भावजय कण्हत होती.

वडील म्हणाले, "वस्तीवरनं वासा आणा." वस्तीवरची दोन माणसं वासा घेऊन धावत आली. दगडावर वासा ठेवून, टोक कण्याखाली घालून चौघांनी दाबलं. गाडी वितीएवढी उठली की वडील कण्याखाली चिपा सारायचे. पुन्हा दाबायचं, पुन्हा चिप. पाऊण तास गेला. पहाटे पुतणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून अर्धा तास उशीर झाला असता, तर दोघींचं सांगता आलं नसतं."

आता थोरल्या पुतण्यानं जुनी एमएम ५४० घेतलीय. परवा विचारत होता, "तात्या, टूलकिटात काय काय टाकू? बाजारात तयार डबा मिळतोय की." मी म्हणालो, तयार डबा तुझ्या गाडीसाठी भरलेला नसतो. या गाडीचा मूळ आराखडा अमेरिकन, म्हणून सांगाड्याचे नट इंचात. इंजिन फ्रेंच प्यूजो कंपनीच्या नमुन्याचं, तिथं मिलिमीटर. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर. तो पाना १४ च्या बोल्टावर बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की डोकं गोल करतो. पाऊण इंच आणि १९ तेवढे जवळजवळ एक. म्हणून दोन्ही मापांचे पाने, वेगवेगळ्या रंगाच्या चिंध्यांत.

जॅक दोन टनी बाटलीचा पुरतो. तो कण्याखाली, पाट्याच्या स्प्रिंगजवळ लावायचा. बॉडीखाली लावला तर आधी स्प्रिंगच लोंबत राहते आणि चाक जमीन सोडत नाही. विकत घेताना जॅकची खाली बसलेली उंची मोजायची, कारण टायर बसल्यावर कणा खाली येतो. काळ्या रानात तो रुतू नये म्हणून बाभळीची जाड फळी बरोबर पाहिजे. जॅक उभा बांधून ठेवायचा, आणि तेल कमी झालं तर जॅकचंच तेल घालायचं. ब्रेकचं तेल घातलं की आतले रबर फुगतात.

बाकी पक्कड, दोन डिसमिस, हातोडा, टॉमी, हवेचा पंप, पंक्चरचं सामान, जादा फॅन बेल्ट, होज पाइप आणि त्याच्या क्लिपा, फ्यूज, तार, दोर, बॅटरी, पाण्याचा कॅन. डिझेलच्या नळीत हवा धरली तर ती काढायचा पाना वेगळा, हाताशी. सगळं जाड कापडाच्या गुंडाळीत, प्रत्येकाला आपापला कप्पा. रिकामा कप्पा लगेच दिसतो.

खंडेनवमीला आपण हत्यारांना हळद-कुंकू वाहतो. त्या दिवशी पुतण्यानं पूजेआधी पेटी उघडायची, जॅकवर चारही चाकं एकेकदा उचलून बघायची, स्टेपनीत हवा भरायची आणि पाने मोजायचे, असं ठरवलंय. यंदा बत्तीस भरले.