तळटीप : पालेंकेचा राजा पाकाल

* पाकाल – पूर्ण नाव किनिच हनाब पाकाल (इ. स. ६०३–६८३). आजच्या मेक्सिकोतील चियापास राज्यातल्या पालेंके या माया नगराचा राजा. मूळ मजकुरात त्याचा उल्लेख नुसता ‘बालराजा’ असा येतो. तो अपुरा आहे. ६१५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी तो गादीवर बसला, तेव्हा कालाकमुलच्या राज्याने पालेंकेवर ५९९ आणि ६११ असे दोनदा हल्ले केलेले होते. आई साक कुक त्याला राजमुकुट देत असल्याचे शिल्प राजवाड्यात आहे. सुरुवातीच्या वर्षांत तिचाच आधार मोठा असावा. पुढे ६८ वर्षे राज्य करून त्याने हे खचलेले नगर पुन्हा उभे केले.

त्याच्या समाधीवरचे ‘शिलालेखांचे मंदिर’ मुलगा कान बाहलाम याने पूर्ण केले. मंदिराच्या फरशीखालचा, दगडमातीने बुजवलेला जिना काही वर्षे उपसून पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रूस १९५२ साली दफनगृहापर्यंत पोहोचले. राजाच्या चेहऱ्यावर हिरव्या जेडच्या तुकड्यांचा मुखवटा होता. शवपेटीच्या झाकणावर मृत्यूच्या जबड्यात असलेला पाकाल आणि त्याच्यावर उगवलेला विश्ववृक्ष कोरला आहे. हे अंतराळयान चालवणाऱ्या माणसाचे चित्र आहे, हा लोकप्रिय पुस्तकांतून पसरलेला दावा निराधार आहे. माया शिल्पकारांनी इथे आपल्या राजाचा मृत्यू आणि पुनर्जन्म दाखवला आहे. वाचकांनी या कलेचे श्रेय त्यांनाच द्यावे. – संपा.