कर्ण्याचे पोचे



आमच्या माळ्यावर आजेसासऱ्यांच्या वेळचा फोनोग्राफ आहे. घराच्या वाटण्या झाल्या त्या दिवशी ओढाताणीत त्याचा कर्णा जिन्यावरून गडगडला आणि पितळेला तीन पोचे पडले. तेव्हापासून धाकट्या जावेशी माझे बोलणे कामापुरतेच उरले. यंदा दशलक्षण पर्वाआधी पोचे काढायचे ठरवले, त्यानिमित्ताने थोडे वाचन झाले.

एडिसनने फोनोग्राफ १८७७ मध्ये बनवला. ग्रामोफोनला तबकडी लागते, तर याला मेणाचे नळकांडे. वीज नाही. किल्ली दिली की नळकांडे फिरते, सुई थरथरते, सुईने पातळ पडदा हलतो आणि ती बारीक थरथर खोलीभर ऐकू येते ती कर्ण्यामुळे. १८९८ मध्ये आलेल्या ‘एडिसन स्टँडर्ड’सोबत साधारण १४ इंचांचा कर्णा येई, मागे काळा पत्रा आणि तोंडाशी पितळ. आमचा तसाच आहे.

तांबटकाकांनी कर्णा पाहून सांगितले, “वहिनी, लहान पोच्याने आवाज फारसा बिघडत नाही. सांधा सुटला किंवा पत्र्याला भेग गेली, तर मात्र खरखरतो.” त्यांनी बाहेरून हातोडा मारलाच नाही. आत गोल डोक्याची लोखंडी दांडी धरली आणि पोच्याच्या कडेकडून मध्याकडे हळूहळू दाबत, घासत आणले. पितळ ठोकत गेले की कडक होते आणि शेवटी फाटते. तापवले तर मऊ पडते, पण कर्ण्याचा सांधा कथलाच्या डाकाचा. आच लागली तर तोच सुटायचा, काळा रंगही जळायचा.

या धातूची एक गोष्ट आपल्या देशातच घडलेली आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप भेगा पडत. बनवताना पितळ ओढले-दाबले जाई, तो ताण आतच राही. काडतुसे घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली असत. तिथल्या हवेतला अमोनिया आणि पावसाळी दमटपणा त्या ताणलेल्या जागी लागे आणि धातू तडके. याचा नीट उलगडा १९२१ मध्ये झाला. उपायही साधा निघाला : काडतूस तयार झाल्यावर मंद आचेवर तापवून आतला ताण उतरवायचा. म्हणून जुन्या पितळेला अमोनिया असलेले पॉलिश लावू नका, बाटलीवर आधी वाचा. चिंच लावलीत तर लगेच धुऊन कोरडे पुसा, आणि काळ्या रंगाला तर हातच लावू नका.

हे वाचून मी थबकले. घाव बसला तेव्हा भेग पडली नव्हती. ताण आत राहिला आणि तडा पुढच्या पावसाळ्यांत गेला. आमच्या घरातही तसेच झाले. आपले दशलक्षण पर्व भाद्रपदात, ऐन पावसाळ्यात येते आणि त्याचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा असतो, याचा मी असा विचार कधी केला नव्हता.

दोन पोचे निघाले. तिसरा काठाशी आहे, तिथे पत्र्याला घडी पडली आहे. काका म्हणाले, “आता आणखी दाबले तर चिरेल. राहू द्या.” मीही हट्ट धरला नाही.

क्षमावाणीची वाट न पाहता काल जावेला मीच फोन केला. कर्णा दोघींनी मिळून बसवायचा ठरले आहे. तिसरा पोचा तिला दाखवीन, लपवणार नाही.

उत्तम क्षमा.