देवयानीचा प्रकाश आणि पुण्याची दुर्बीण



पाऊसकाळ सरला, आकाश निवळले, की आमच्या मांजर्लीहून उत्तरेस देवयानीचा फिकट ठिपका पूर्वी नुसत्या डोळ्यांनी दिसत असे. आता बदलापुरातील दिव्यांच्या उजेडात तो बुडून गेला आहे. तो पाहावयाचा तर अमावास्येच्या सुमारास पुढले स्टेशन, वांगणी, गाठावे लागते. मुंबईचे खगोल मंडळ हौशी मंडळींना आकाशदर्शनासाठी तेथेच नेत आले आहे. गेल्या मार्गशीर्षात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने तेथून त्या ठिपक्याचे छायाचित्र घेतले. पाहतो तो तिरपी धरलेली, वळ्यावळ्यांची एक तेजस्वी थाळी! "गुरुजी, हे डोळ्यांना का दिसत नाही?" असे त्याने विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजच्या भाषणाचा विषय होय.

आपला डोळा प्रकाश साठवीत नाही. क्षणापूर्वी आलेले किरण तो विसरतो आणि नवे घेतो. छायाचित्राची काच मात्र पागोळीखाली ठेवलेल्या हंड्यासारखी आहे. थेंब लहान असला तरी हंडा रात्रभरात भरतो. ओल्या काचेच्या जुन्या पद्धतीत काच लवकर वाळत असल्याने दीर्घकाळ प्रकाश घेणे शक्य नव्हते. कोरड्या काचा आल्या आणि ही अडचण दूर झाली. त्यांचा लाभ प्रथम घेणाऱ्यांत हौशी माणसे पुढे होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अँड्र्यू कॉमन हे व्यवसायाने अभियंता. त्यांनी लंडनजवळ ईलिंग येथे १८८३ साली मृगातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले, आणि त्यात दुर्बिणीतूनही डोळ्यांना न दिसणारे तारे उमटले. आयझॅक रॉबर्ट्स हे लिव्हरपूलकडील इमारतींचे कंत्राटदार. डब्लिनच्या ग्रब यांनी घडविलेल्या २० इंची दुर्बिणीने त्यांनी २९ डिसेंबर १८८८ रोजी देवयानीचे छायाचित्र घेतले. तिची वळणदार रचना त्यात स्पष्ट दिसली.

रॉबर्ट्स यांनी मात्र त्याचा अर्थ निराळा लावला. एखादी सूर्यमाला जन्म घेत आहे, असे त्यांस वाटले. पुढे १९२३ साली माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून घेतलेल्या छायाचित्रांत एडविन हबल यांस देवयानीत एक रूपविकारी तारा आढळला आणि त्यावरून तिचे अंतर काढता आले. ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरली; आज तिचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानतात. रॉबर्ट्स यांचा तर्क चुकला, पण त्यांची काच खोटी ठरली नाही. प्रामाणिकपणे केलेली नोंद आपल्या अर्थाची वाट पाहत थांबू शकते.

रॉबर्ट्स यांनी हे छायाचित्र घेतले त्याच १८८८ साली आपल्या पुण्यातही एक वेधशाळा सिद्ध झाली. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील पदार्थविज्ञानाचे अध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांना भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ साली ५,००० रुपये दिले. सरकारने तितकीच भर घातली. पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजांच्या नावे वेधशाळा उभी राहिली. तेथील २० इंची आरशाची ग्रब दुर्बीण हिंदुस्थानात दीर्घकाळ सर्वांत मोठी होती. म्हणजे ज्या प्रतीच्या साधनाने देवयानीचे रूप उकलले, तशाच प्रतीचे साधन आपल्या दाराशी होते! नेगमवालांनी त्याचे चीजही केले. मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटाचे त्यांचे वेध १८९१ साली लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात सोलापूरकडील जेऊर येथे तळ देऊन त्यांनी सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. परंतु ही वेधशाळा एका माणसाच्या उमेदीवर उभी होती. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाइकनालला गेली.

साधन गेले याहून साधनेची परंपरा तुटली, हे नुकसान मोठे होते. ती पुन्हा जोडण्याचे काम हौशी मंडळींनी अंगावर घेतले. १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. एका माणसाबरोबर संपणारे काम मंडळींच्या हाती राहिले तर टिकते, हा धडा तिने दिला. आज माझा विद्यार्थी काच वापरीत नाही. तो काही मिनिटांची एकेक अशी अनेक छायाचित्रे घेऊन यंत्रगणकावर एकत्र करतो. हंडा नवा, पागोळी तीच.

मात्र या सर्वांस एक गोष्ट अत्यावश्यक आहे, आणि ती म्हणजे काळोख. दुर्बीण एखादा दाता पुन्हा देऊ शकेल; काळोख कोणी दाता देऊ शकत नाही. बदलापूरची वस्ती वांगणीकडे सरकत आहे. रस्त्यावर दिवे अवश्य हवेत. परंतु त्यांचा प्रकाश रस्त्यावर पडावा, आकाशावर नव्हे. दिव्यावर एक टोपण आणि निजताना गच्चीवरचा दिवा मालविणे, एवढे आपल्या हाती आहे. २५ लाख वर्षे प्रवास करून आलेला प्रकाश आपल्या गच्चीवर पोहोचण्याआधीच अखेरच्या क्षणी हरवावा, हे आपणांस शोभणारे नाही.