रामजोशी : फडातला आणि पडद्यावरचा



रामजोशी हे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे कोण उभे राहते? पेशवाईतला सोलापूरचा शाहीर फारच थोड्यांच्या. बाकीच्यांच्या डोळ्यांपुढे जयराम शिलेदार उभे राहतात, आणि त्यांच्यासमोर बया म्हणून हंसा वाडकर. १९४७ साली राजकमल कलामंदिराचा ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट निघाला. त्याच्या दिग्दर्शनावर बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम या गुरुशिष्यांची नावे आहेत. आपल्याच जिल्ह्यातल्या कवीची ओळख आपल्याला ग्रंथाने न होता बोलपटाने व्हावी, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम इतिहासातला रामजोशी पाहू. त्याचा काळ साधारणपणे १७६२ ते १८१२ असा मानतात. जन्म सोलापूरचा, घराणे जोशांचे, वडील भाऊ मुद्गल हे पुराण सांगणारे. धाकट्याचे पाय मात्र धोंडीबाच्या तमाशाकडे वळले. भावाने घराबाहेर काढले, तेव्हा तो पंढरपुरास जाऊन संस्कृत शिकला असे परंपरा सांगते. शास्त्र शिकून आला आणि पुन्हा फडात उभा राहिला! पंडिताची विद्या आणि तमासगिराचा ठेका यांची गाठ त्याच्या लावणीत पडली. बारामतीच्या मोरोपंतांनी त्याचे कवित्व ऐकून त्याला कीर्तनाकडे वळविले आणि पंतांच्या आर्या त्याने कीर्तनातून लोकांच्या तोंडी बसविल्या, अशीही हकीकत आहे. बया हे नाव या परंपरेत येते. पण ती कोण, कुठली, पुढे तिचे काय झाले, याविषयी विश्वसनीय असे फार थोडे हाती लागते.

आता हा मनुष्य पडद्यावर कसा आला ते पाहू. त्यासाठी पंधरा वर्षे मागे जावे लागेल. १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी बोलपट गाऊ लागला. गाणारे कोण? संगीत नाटकातले. हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे यांची, संगीतही त्यांचेच. त्या वेळी पार्श्वगायन नव्हते. नटाने कॅमेऱ्यापुढे उभे राहून, साथीदारांना कॅमेऱ्याच्या नजरेआड बसवून, तिथल्या तिथे गावयाचे. रंगभूमीवरच्या गायकांना हे जमेल असे सर्वांनाच वाटले. १९३५ साली खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथ झाले. पण प्रभातशी त्यांचा संबंध त्या एकाच चित्रपटापुरता राहिला.

असे का झाले? बालगंधर्व गाण्यात कमी पडले असे कोण म्हणेल! खरी अडचण वेळेची होती. नाट्यपद ‘वन्स मोअर’वर वाढते, गवई रंगला की घड्याळ थांबते आणि प्रेक्षक ते आनंदाने थांबू देतो. बोलपटात फीत थांबत नाही. तबकडीही तीन मिनिटांत संपते. शिवाय समोर दाद देणारा कोणी नाही. रात्रभर फुलणारे गाणे अशा डबीत कसे मावावे?

लावणीचे तसे नाही. तिचा आरंभ ठसठशीत, तिच्यात गोष्ट, तिच्यात सवाल आणि जवाब. ती नाचते, म्हणजे कॅमेऱ्याला पाहावयास काहीतरी देते. ‘रामजोशी’तला सवालजवाब लोकांना अजून आठवतो तो यामुळेच. वसंत देसाई यांनी संगीत दिले. कथा आणि गीते ग. दि. माडगूळकरांची. माडगूळकर आपले शेजारीच. माडगूळ आटपाडीच्या मुलखातले, म्हणजे सांगोल्याची शीव ओलांडली की त्यांचा माणदेश. गावच्या जत्रेतली बोली त्यांच्या कानात होती. आणि गावयास शिलेदारांसारखा संगीत रंगभूमीवरचा नट. नाट्यसंगीताला स्वतःच्या नावाने जे साधले नाही, ते त्याच्या गळ्याने लावणीच्या वेषात साधले.

असे केवळ आपल्याकडेच घडले नाही. इंग्लंडात १९३४ साली ‘ब्लॉसम टाइम’ नावाचा चित्रपट निघाला. व्हिएन्नाचा संगीतकार शूबर्ट याची ती प्रेमकथा. नायक झाला रिचर्ड टाउबर, ऑपेरातला नामांकित गवई. तिकडेही तेच : शंभर वर्षांपूर्वीचा कलावंत, रंगभूमीवरचा गळा आणि इतिहासात नसलेले प्रेम. लोकांना गाणे हवे असते, आणि गाण्याला कारण म्हणून प्रेम हवे असते. कथाकाराने ते पुरविले तर त्याला दोष देऊ नये. आपण मात्र त्या कथेलाच चरित्र समजू नये.

पण माझा खरा मुद्दा याहून पुढचा आहे. पांढरपेशा घरातल्या बायका कनातीत पाऊल टाकीत नसत. त्या या बोलपटाला उघडपणे गेल्या. लावणी माजघरात गुणगुणली जाऊ लागली. हे उपकार मोठे आहेत. परंतु त्याच सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली होती, आणि पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली. म्हणजे पडद्यावरच्या बयेला टाळ्या आणि फडातल्या बयेला मज्जाव! तमाशाला प्रतिष्ठा मिळाली ती शास्त्र शिकलेल्या ब्राह्मण शाहिराच्या हाताला धरून. ज्या कोल्हाटी, महार, मांग कलावंतांनी पिढ्यान् पिढ्या ढोलकी आणि घुंगरू जागे ठेवले, ते बाहेरच उभे राहिले. १९५९ सालचा ‘सांगत्ये ऐका’ आणि त्यामागून आलेले तमाशापट पाहिले, तरी हा हिशेब चुकता झालेला दिसत नाही.

रामजोशाला घरातून काढणारा भाऊ आपल्याला बोलपटात कठोर वाटतो. चित्रगृहात बसून आपण त्याच्यावर रागावतो. बाहेर आल्यावर मात्र आपण बहुधा त्याच मुद्गलाच्या बाजूला जाऊन उभे राहतो. आपल्या जिल्ह्यात अकलूजला लावणीच्या स्पर्धा भरल्या, तिथे कुटुंबेच्या कुटुंबे गेली, ही समाधानाची गोष्ट होय. पण लावणीला दाद देणे सोपे आहे. ती म्हणणारीला आपल्या घरी पाटावर बसविणे अवघड आहे. सोलापूरच्या त्या शाहिराने दोनशे वर्षांपूर्वी घर सोडून फडाला जवळ केले. आपल्याला घर सोडावयास कोणी सांगत नाही. फक्त घराचे दार थोडे उघडावयाचे आहे.